थिएटरात बसून बघितलेला

गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी, लालबागमधल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत, माझ्या वडिलांचे वर्षातले तीन आवडते चित्रपट यादीत धरू नयेत अशी हरकत घेण्यात आली. हरकत घेणारे वडिलांचे एक जुने मित्र होते. कारण एकच दिलं गेलं. वडिलांना दिसत नाही. तिन्ही चित्रपट बाद झाले तर आपण मंडळ सोडू, असं वडिलांनी तिथल्या तिथे सांगितलं.

ही खोली महिन्यातून एका रविवारी चित्रपट बघणाऱ्यांच्या मंडळाला मिळते. सभासद पंधरा-सोळा. बहुतेक निवृत्त. कोणी गिरणीत होतं, कोणी पालिकेत, एक रुग्णालयातल्या परिचारिका, एक शाळामास्तर. मंडळ चित्रपट दाखवत नाही. सभासद आपापले जाऊन बघतात आणि इथे येऊन भांडतात. वर्षाच्या शेवटच्या बैठकीत प्रत्येक जण उभा राहून आपले तीन चित्रपट सांगतो आणि ते का आवडले ते सांगतो. मग मतांची बेरीज होते आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर खडूनं यादी लिहिली जाते. एरवी त्या फळ्यावर निधनाच्या बातम्या, रक्तदान शिबिरं आणि पाणी कधी येणार नाही याच्या सूचना असतात. यादी लागली की बाजारातून परतणाऱ्या बायका पिशव्या खाली ठेवून वाचतात. "हा कधी लागून गेला?" हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं.

मंडळाचा लेखी नियम एकच आहे. त्या वर्षी थिएटरात बसून बघितलेलाच चित्रपट धरला जाईल. तो बाबांनी लिहिला. लोक घरी, मोबाइलवर, अर्धा आज आणि अर्धा उद्या असे चित्रपट बघू लागले तेव्हा लिहिला. मास्तरांनी त्या वेळी 'बघितलेला' हा शब्द बदलून 'पाहिलेला' करावा असं सुचवलं होतं, कारण लेखी मराठीत तो बरा दिसतो. बाबांनी ऐकलं नाही. "आम्ही पिक्चर बघतो. पाहायला जातात ती मुलगी," असं ते म्हणाले होते. शब्द तसाच राहिला.

मी सभासद नाही. मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होते. बातम्या तपासणं, कापणं आणि मथळे देणं हे काम. आता घरून भाषांतरं करते. ज्या वर्षाबद्दल वाद झाला त्या वर्षभर थिएटरात बाबांच्या शेजारच्या खुर्चीत मी होते, म्हणून हे लिहिते आहे. चित्रपटांची नावं दिलेली नाहीत. माणसांचीही दिलेली नाहीत.

बाबांना काचबिंदू होता. तो उशिरा कळला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं. त्या वर्षी संक्रांतीनंतर उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं राहिलं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी परळच्या दवाखान्यात स्पष्ट सांगितलं. बाबा बाहेर आले, बाकावर बसले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले,

"काय गो, या शुक्रवारी काय लागतंय?"

मी काय लागतंय ते सांगितलं.

माझा धाकटा भाऊ ठाण्याला असतो. त्याला हे कळलं तेव्हा त्यानं फोन केला. "बाबांना घरीच मोठा टीव्ही लावून देऊ. तू बाजूला बसून सांग काय सांगायचं ते. थिएटरात कशाला? लोक बोलतील." फोन स्पीकरवर होता. बाबा म्हणाले, "लोक बोलतील तेव्हा मी ऐकेन. कान चांगले आहेत माझे." भावानं पुढे आणखी काही कारणं दिली. बाबांनी विचारलं, की घरी मध्यंतर कोण करणार. त्यावर भाऊ हसला आणि विषय तिथे थांबला. टीव्ही आला नाही.

पहिल्या प्रयत्नात चूक झाली आणि ती माझ्या धंद्यातली होती. बाबांना नीट सांगता यावं म्हणून मी शुक्रवारी एकटी जाऊन चित्रपट बघून आले. शनिवारी त्यांना घेऊन गेले. दादरच्या जुन्या थिएटरात आम्ही जाऊन बसलो, जाहिराती चालू होत्या, आणि बाबा म्हणाले, "विषय काय आहे, थोडक्यात सांग." डेस्कवर थोडक्यात म्हणजे सर्वांत महत्त्वाचं आधी. मी सांगितलं, "नवऱ्याचा खून धाकट्या भावानंच केलेला असतो, हे शेवटी उघड होतं. तत्पूर्वी पोलीस..."

बाबा उठून उभे राहिले.

"झाला पिक्चर. चल घरी."

"बाबा, अजून सुरू व्हायचाय."

"तू बातमी दिलीस. मी पेपर वाचायला आलो नव्हतो."

आम्ही खरोखरच निघालो. रांगेतल्या लोकांना पाय उचलावे लागले. दारावरच्या माणसानं विचारलं, की काय झालं, बाबांना बरं नाही का. बाबांनी त्याला सांगितलं, की मुलीनं खुनी सांगितला. तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "असं नका करू मॅडम."

त्यानंतर चित्रपट आधी बघून येण्यावर बंदी आली. "तुला पण माहीत नसायला पाहिजे," बाबा म्हणाले. बाकीच्या अटी पुढच्या महिन्याभरात एकेक करून ठरल्या. पडद्यावर कोणी बोलत असताना मी बोलायचं नाही. विशेषण लावायचं नाही. 'ती रडते आहे' चालेल, 'तिला वाईट वाटलं' चालणार नाही. कोण कोणाकडे बघतंय ते सांगायचं, कारण ते ऐकू येत नाही. आणि मला समजलं नाही तर समजलं नाही असं सांगायचं, अंदाज सांगायचा नाही. या अटींपैकी दोन आमच्या डेस्कवर नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगितल्या जात. मी ते बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आधीच नीट करायचं होतंस."

तक्रारी झाल्या. मी कानाशी तोंड नेऊन कुजबुजत असे, तरी आवाज जातोच. बहुतेक लोक वळून बघत आणि बाबांची पांढरी काठी दिसली की पुन्हा पुढे बघत. परळच्या मल्टिप्लेक्समध्ये एकदा तसं झालं नाही. बाबा ज्या गिरणीत काम करत तिच्याच जागेवर हे मल्टिप्लेक्स आहे. त्याबद्दल ते काही बोलत नाहीत, फक्त सरकत्या जिन्यावर पाय ठेवण्याआधी "हा आमचा फोल्डिंग खात्याचा जिना" असं दर वेळी म्हणतात. त्या दिवशी मागच्या रांगेतल्या एका तरुणानं जाऊन मॅनेजरला आणलं. मॅनेजर टॉर्च घेऊन आला आणि वाकून म्हणाला,

"मॅडम, बोलू नका प्लीज. लोकांना डिस्टर्ब होतंय."

"कोणाला?" बाबांनी विचारलं.

"मागे बसलेत त्यांना, अंकल."

"तो मघापासून वेफर्स खातोय. मोठं पाकीट आहे. तो थांबला की आम्ही थांबतो."

पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. मॅनेजर म्हणाला, की दृष्टिहीनांसाठी आमच्याकडे वेगळी सोय नाही, नाहीतर दिली असती.

"सोय मागितली कोणी? तिकीट मागितलं. तुम्ही दिलंत. आता टॉर्च बंद करा, लोकांना डिस्टर्ब होतंय."

मॅनेजर टॉर्च बंद करून गेला. मागचं पाकीट बंद झालं. मी त्यानंतर आणखी हळू बोलले. बाबांनी मला कोपर मारलं आणि मोठ्यानं सांगितलं, "ऐकू येत नाही."

त्या वर्षी आम्ही बरेच चित्रपट बघितले. दुपारच्या शोला, कारण तेव्हा बस रिकामी असते. आमच्या घोडपदेवच्या चाळीच्या दोन जिन्यांवरून उतरताना बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवतात, रस्त्यावर आलं की काढतात. खालचे दुकानदार विचारत, "काका, कुठे?" बाबा म्हणत, "पिक्चर बघायला." एकदोघांनी सुरुवातीला गंमत समजून हसून बघितलं. बाबा तेच उत्तर देत राहिले. पावसाळ्यापर्यंत हसणारे विचारू लागले, की कसा होता, जावं का.

बैठकीत त्यांनी सांगितलेले तीन चित्रपट असे.

पहिला मराठी. आठवडाभरच टिकला, तोही दुपारी बाराच्या शोला. कोकणातल्या एका बंदरावर बर्फाचा कारखाना चालवणारी बाई, नवरा गेलेला, आणि तिनं कारखाना विकावा म्हणून मागे लागलेले ट्रॉलरवाले. थिएटरात मोजकी माणसं होती. चित्रपटात संवाद कमी आहेत, त्यामुळे मला बोलायला वाव होता.

"ती लादी ओढतेय."

"कशानं?"

"लोखंडी आकड्यानं."

"हातमोजे आहेत?"

"नाहीत."

बाबांनी स्वतःचे तळवे पँटवर घासले. बसमध्ये म्हणाले, "अख्ख्या पिक्चरमध्ये ती बाई एकदाही कोणाची माफी मागत नाही. तू बघितलंस?" माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

दुसरा मल्याळम, खाली इंग्रजी ओळी. वडील गेल्यावर दोन भाऊ आणि एक मासेमारीची होडी. होडीची वाटणी करता येत नाही एवढीच गोष्ट. मी इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगत होते. ते चालू संवादावर बोलणं होतं, पण इथे बाबांनी अट सैल केली होती. आमच्या पुढच्या रांगेत चार मुली बसल्या होत्या, जवळच्या रुग्णालयातल्या नर्स असाव्यात असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. त्यांतली एक थोड्या वेळानं वळली. मला वाटलं तक्रार असेल. ती म्हणाली,

"दादाजी को बोलो, बड़ा भाई झूठ बोल रहा है. नीचे इंग्लिश में ग़लत लिखा है."

त्यानंतर मध्यंतरापर्यंत ती तीन-चारदा वळली. एकदा तिच्या मैत्रिणीनं तिला दुरुस्त केलं आणि दोघींमध्ये मल्याळममधून वाद झाला. मध्यंतरात बाबांनी त्यांना विचारलं, की होडी लाकडाची आहे की फायबरची. लाकडाची, असं चौघींनी सांगितलं. मी ते सांगितलं नव्हतं.

तिसरा भुताचा. हिंदी, दिवाळीच्या सुट्टीतला, हाऊसफुल्ल. हा मला न्यायचा नव्हता. बाबांनी ऐकलं नाही. पोरंसोरं, कॉलेजची टोळकी, कुटुंबंच्या कुटुंबं. मध्यंतरानंतर लगेच एक प्रसंग आहे: घरातली मुलगी विहिरीत वाकून बघते, पार्श्वसंगीत थांबतं आणि बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. थिएटरही गप्प झालं.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"मी डोळे मिटलेत."

तेवढ्यात भूत वर आलं असावं, कारण सगळं थिएटर एकदम ओरडलं. बाबांच्या पलीकडच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईंनी त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. दिवे लागल्यावर त्या म्हणाल्या, "सॉरी हं काका, घाबरले मी." बाबा म्हणाले, "असूदे. मी आहे ना." घरी येईपर्यंत त्यांना मधूनमधून हसू येत होतं.

मास्तरांबद्दल सांगितलं पाहिजे. ते पालिकेच्या शाळेत शिकवत. आमच्या चाळीत समोरच्या बाजूला राहतात. बाबा आणि ते लग्नाआधीपासून दर शनिवारी बरोबर चित्रपटाला जात. दोन वर्षांपूर्वी मास्तर जिन्यावरून पडले, पाय प्लॅस्टरमध्ये गेला, आणि त्या वर्षातले दोन चित्रपट त्यांनी मोबाइलवर बघितले. डिसेंबरात त्यांनी ते आपल्या तिनांत सांगितले. हरकत बाबांनी घेतली होती. प्लॅस्टर असो की काही, थिएटरात बसून बघितलेला नाही. मास्तरांचे दोन्ही चित्रपट बाद झाले. महिनाभर बोलणं बंद होतं. मग चहा सुरू झाला, पण शनिवार पुन्हा सुरू झाले नाहीत.

तर त्या रविवारी बाबांनी उभं राहून तीन चित्रपट सांगितले आणि ते खाली बसायच्या आत मास्तर उठले.

"मला हे बोलायला बरं वाटत नाही."

"मग बोलू नको," बाबा म्हणाले.

हसणं झालं. मास्तर थांबले नाहीत. "नियम तुझा आहे. थिएटरात बसून बघितलेला. तू बसलास, मान्य आहे. बघितलेला कुठे आहे?"

"तू सकाळी चहा पितोस. साखर आहे का नाही ते कसं कळतं तुला?"

"चव घेऊन."

"चव घेऊन काय करतोस?"

मागून कोणीतरी म्हणालं, "चव घेऊन बघतो."

"नातवाला ताप आलाय का ते?"

"हात लावून बघतात," मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या पूर्वीच्या परिचारिका. त्यांनी हे सवयीनं सांगितलं असावं, कारण लगेच त्या म्हणाल्या, "पण मध्ये बोलायला नको मी."

"आणि इतकी वर्षं शनिवारी जिन्याखाली तुझी वाट बघायचो," बाबा मास्तरांना म्हणाले, "ती काय चष्मा लावून?"

"हे शब्दाचे खेळ आहेत. म्हणून मी तेव्हाच म्हटलं होतं, पाहिलेला लिही."

"वाट पाहतात पण."

मास्तर चिडले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि खरा मुद्दा मांडला. तो मुद्दा चुकीचा नव्हता, हे इथे नोंदवलं पाहिजे. ते म्हणाले, "भांडण सोडून दे. मला एवढंच सांग. पडद्यावर काय आहे ते तुला कोणी सांगितलं? मुलीनं. काय सांगायचं आणि काय नाही ते कोणी ठरवलं? मुलीनं. मग चित्रपट तिनं बघितला. तुझं म्हणून जे मत आहे ते तिचं मत आहे. आणि ती सभासद नाही. उद्या कोणीही आपल्या घरच्यांना पाठवेल आणि मत इथे येऊन देईल. प्लॅस्टर परवडलं."

खोलीत काही माना हलल्या. मी दाराजवळच्या बाकावर बसले होते. पाहुण्यांची जागा तिथे आहे आणि पाहुण्यांनी बोलायचं नसतं. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, की मी या तिन्ही चित्रपटांबद्दल काय म्हणेन. मास्तर म्हणाले, विचाराच.

मी सांगितलं, की बर्फाच्या कारखान्याचा चित्रपट माझ्याही तिनांत असता. होडीचा कदाचित. भुताचा नाही.

"का नाही?"

"वाईट आहे. मध्यंतरानंतर गोष्टच नाही. भूत कोण ते सुरुवातीलाच कळतं."

"तुला कळलं," बाबा म्हणाले. "मला नाही कळलं."

"विहिरीच्या प्रसंगात नुसतं पार्श्वसंगीत थांबवून घाबरवलंय. उरलेला वेळ लोक नुसते घरभर पळतात. मला तो अर्ध्यातून सोडून यायचं होतं. बाबा उठले नाहीत."

अध्यक्षबाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "ठीक आहे. आवडनिवड वेगळी असेल. पण तिथे काय दिसलं ते तर तुम्हीच सांगितलंत."

"विहिरीच्या प्रसंगात मी काहीच सांगितलं नाही. माझे डोळे मिटलेले होते."

बाबा पुन्हा उभे राहिले. काठी त्यांनी खुर्चीला टेकवून ठेवली होती, ती घेतली नाही.

"हिचे एकटीचे नाहीत. सगळं थिएटर डोळे मिटून बसलं होतं. बाजूची बाई माझ्या हाताला लटकली होती. हाऊसफुल्ल शो, आणि उघडे डोळे माझे एकट्याचे."

या वेळचं हसणं बराच वेळ चाललं. ते संपायच्या आत खिडकीजवळ बसलेले एक सभासद उठले. ते बेस्टमध्ये कंडक्टर होते आणि बैठकीत सहसा बोलत नाहीत. ते म्हणाले, "माझ्या तिनांत पण तो भुताचा आहे. मी पण मिटले होते डोळे. मला सांगा, माझं मत बाद का?"

मास्तर म्हणाले, "तुम्ही थोडा वेळ मिटलेत."

"किती वेळ मिटले तर चालतं ते नियमात लिहा मग."

अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना बसवलं. मग त्यांनी तोडगा मांडला. तो त्यांनी आधीपासून योजला असावा, कारण तो लिहिलेला होता. नियमात एक ओळ वाढवायची. दृष्टिहीन सभासदांना या अटीतून सूट राहील. म्हणजे नियमही राहतो आणि बाबांची मतंही राहतात. तीन-चार जण लगेच "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणाले. मास्तरांनीही हरकत मागे घ्यायची तयारी दाखवली.

"नको," बाबा म्हणाले.

"अहो, तुमच्यासाठीच करतोय."

"म्हणून नको. सूट कोणाला देतात, बाई? ज्यानं केलं नाही त्याला. शाळेत गृहपाठ केला नाही त्याला सूट. मी केलंय. वर्षभर जिने उतरून, बस पकडून, लोकांची बोलणी खाऊन, थिएटरात बसून मी पिक्चर बघितलेत. ह्याच्यासारखे बिछान्यात पडून नाही."

"आता माझ्यावर कशाला," मास्तर म्हणाले.

"तुझ्यावरच. तुझे दोन काढले तेव्हा मी सूट दिली नव्हती. आता मी पण घेणार नाही. नियमात ओळ घालायची नाही. बघितलेत म्हणून धरायचे असतील तर धरा. नाहीतर तिन्ही काढा, मी पण उठतो. काय गो, चप्पल कुठे काढलीय मी?"

चप्पल दारातच होती. मी तसं सांगितलं, पण उठले नाही.

अध्यक्षबाईंनी दोन्ही बाजूंना पुन्हा एकदा विचारलं. कोणी मागे हटलं नाही. मग त्यांनी मत घेतलं. प्रश्न असा होता: नियमात कोणताही बदल न करता, या सभासदांनी सांगितलेले तीन चित्रपट बघितलेले धरावेत का. धरावेत म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत. हात वर झाले. न धरावेत म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत. काही हात वर झाले. मास्तरांचा हात दोन्ही वेळा खालीच होता. बेरीज अध्यक्षबाईंनी मोठ्यानं वाचली. तिन्ही चित्रपट धरले गेले.

बाबांनी आभार मानले नाहीत. ते खाली बसले आणि म्हणाले, "पुढे चला. किती जण राहिलेत अजून?"

पुढचं नाव मास्तरांचं होतं. ते उठले, त्यांनी आपले तीन चित्रपट सांगितले. त्यांत बर्फाच्या कारखान्याचा होता. तो त्यांनीही आठवड्याच्या आत, बाराच्या शोला जाऊन बघितला होता. बाबांनी विचारलं, "कुठल्या वारी?" मास्तर म्हणाले, "मंगळवारी." बाबा म्हणाले, "आम्ही सोमवारी." याव्यतिरिक्त दोघांमध्ये त्या दिवशी बोलणं झालं नाही.

सोमवारी सकाळी यादी वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर लागली. फळ्यावर मास्तरांनी लिहिलं. बर्फाच्या कारखान्याचा चित्रपट दुसरा होता, होडीचा पाचवा, भुताचा सातवा.